जुन्या जीप-जिप्सीचे पार्ट घेताना: पहिल्यांदा गाडी घेतलेल्यांसाठी पायरीपायरीने

जुनी जीप घेतली की महिनाभरात तुम्ही पार्टच्या दुकानात उभे असता आणि काउंटरमागून विचारलं जातं, "ओरिजिनल देऊ का लोकल, भाऊ?" नवखा माणूस खिशाकडे बघून उत्तर देतो आणि तिथेच फसतो. मीही फसलो. अकरा वर्षांपूर्वी आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मी महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आणली. पऱ्हाटीच्या वावरात खत न्यायला आणि संत्र्याचे क्रेट पांदणीतून डांबरी रस्त्यापर्यंत काढायला ती घेतली होती. पहिल्या तीन वर्षांत पार्टवर जो पैसा गेला, त्यातला थोडाच डुप्लिकेट मालावर गेला. बाकीचा सगळा माझ्या गाडीला न लागणाऱ्या किंवा चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या पार्टवर गेला. तुमचा तो पैसा वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझा मेव्हणा ताडोब्याला मोहर्लीच्या बाजूने जिप्सी चालवतो, त्यामुळे जिप्सीबद्दलही जिथे ठाऊक आहे तिथे सांगतो.

१. दुकानात जाण्याआधी आपली गाडी कोणती ते शोधा

आरसीवर मॉडेल लिहिलेलं असतं, पण तीस वर्षांत चार मालक आणि दहा मिस्त्री झालेल्या गाडीखाली वेगळंच काही निघतं. महिंद्राच्या जीपांमध्ये प्यूजोच्या एक्सडीपीपासून एमडीआयपर्यंत निरनिराळी डिझेल इंजिनं आली, गिअरबॉक्सही बदलत गेले. लोकांनी सोयीप्रमाणे एकाचं दुसऱ्याला लावलं. जिप्सीचंही तसंच. आधीची एमजी ४१० एक लिटरची होती, नंतरची एमजी ४१३ म्हणजे किंग १.३ लिटरची. त्यातही कार्ब्युरेटर आणि एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचा) हे दोन प्रकार. नुसतं "जिप्सीचा पार्ट द्या" म्हटलं तर दुकानदार समोर असेल तो देतो.

इंजिन नंबर, चेसिस नंबर, गिअरबॉक्सवरची आणि डिझेल पंपावरची पट्टी, ॲक्सलवरचे उठावाचे आकडे यांचे फोटो काढून ठेवा. मातीचा थर खरवडावा लागेल, तो खरवडा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या आणि मागच्या क्राउन-पिनियनचं (ॲक्सलमधल्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचं) गुणोत्तर तपासा. या जुन्या जीपांच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीत) मधला डिफरन्शियल नसतो. फोर बाय फोर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. दोन्हीकडचं गुणोत्तर एकच असावं लागतं. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने मागचा अख्खा ॲक्सल दुसऱ्या गाडीचा बसवला होता. पुढे ५.३८, मागे ४.८८. मला याचा पत्ता नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात प्रोपेलर शाफ्टचे (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचे) दोन क्रॉस, म्हणजे त्याचे चौफुलीसारखे सांधे, तुटले. लोकल माल म्हणून मी दुकानदाराला बोल लावले, महागाचा क्रॉस आणला, तोही गेला. शेवटी पुलगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडीखाली सरकून हाताने शाफ्ट फिरवला आणि म्हणाला, "क्रॉस कायले बदलता भाऊ, तुमची पुढची गाडी येगळी अन् मागची येगळी हाये."

हे घरी असं तपासा. गाडी सपाट जागी, गिअर न्यूट्रलला, फोर बाय फोर काढलेला. मागचं फक्त एक चाक जॅकवर उचला. बाकी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. बऱ्याच जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागे शाफ्टवर असतो. एक चाक हवेत असताना तो गाडीला अजिबात धरत नाही आणि या तपासात तो सोडावाच लागतो. म्हणून ठोकळ्यांशिवाय हे करू नका, आणि गाडीखाली पूर्ण शिरू नका. आता मागच्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा, उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. शाफ्ट सव्वापाच फेऱ्यांच्या थोडा पुढे गेला तर ५.३८. पाचला किंचित कमी पडला तर ४.८८. पुढेही असंच करा, फ्री व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवता येणारे) असतील तर ते लॉक करून.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. विलीजच्या घराण्यातल्या या जीपांच्या ॲक्सलवर, चाकांवर इंची आटे असतात, तर प्यूजो इंजिनावर मिलिमीटरचे. अर्धा इंची बोल्टच्या जागी १२ मिलिमीटरचा बोल्ट दोन-तीन आटे जातोसुद्धा. मग मिस्त्री पान्याने जोर देतो आणि हब खराब होतो. जुन्या जीपांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असू शकतात. तिथे नट सुटत नाही म्हणून पाइप लावून ताकद लावण्याआधी स्टडच्या टोकावर "एल" कोरलंय का ते बघा.

२. दुकानातले शब्द समजून घ्या

"जेन्युइन" म्हणजे गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, तिचा पार्ट नंबर आणि होलोग्राम असलेला. "ओईएम" म्हणजे जो कारखाना गाडीच्या कंपनीला माल पुरवतो, त्याच्या स्वतःच्या नावाच्या डब्यातला. पंप-नोझलला बॉश (जुने मिस्त्री अजून "मायको"च म्हणतात, २००८ पर्यंत कंपनीचं तेच नाव होतं), ब्रेक सिलिंडरला टीव्हीएस गर्लिंग, ब्रेक लायनरला राणे, स्टार्टर-डायनॅमोला लुकास टीव्हीएस. माझ्या मते जुन्या जीपसाठी हाच माल बघावा. जेन्युइनच्या जवळपास दर्जा आणि किंमत कमी.

"लोकल" हा शब्द मात्र दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. स्वतःच्या नावाने, पत्त्यासकट माल विकणारा छोटा कारखाना हा एक. दुसरा म्हणजे मोठ्या कंपनीच्या नावाचा खोटा डबा छापणारा. पहिल्याचा माल कधी चांगला, कधी साधारण, पण तो प्रामाणिक असतो. दुसरा फसवणूक करतो. दुकानदाराला "लोकल म्हणजे कोणाचा?" असं विचारा. नाव सांगता आलं नाही तर घेऊ नका.

"रिकंडिशन" म्हणजे जुना खोलून दुरुस्त केलेला. आणि भंगारातला म्हणजे मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेला. भंगाराला नाक मुरडू नका, त्याबद्दल पुढे येतंय.

३. कुठे हात आखडायचा, कुठे नाही

मी पार्टची विभागणी किमतीवर करत नाही. तो पार्ट चालत्या गाडीत तुटला तर काय होईल, एवढंच बघतो.

ब्रेक आणि स्टिअरिंगमधलं काहीही, म्हणजे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, ब्रेक होज, लायनर, टाय रॉड एंड, किंग पिनचे बेअरिंग, चाकाचे बेअरिंग आणि स्टड, इथे निनावी माल कधीच नाही. पैसे कमी असतील तर गाडी चार दिवस उभी राहू द्या. चिखलदऱ्याचा घाट उतरताना हे पार्ट गेले तर गाडी थांबवायला दुसरं काही हाताशी नसतं.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग यांच्यात जीव जात नाही, पण मजुरी जाते. ते बदलायला गिअरबॉक्स उतरावा लागतो. हजार रुपये वाचवून तेच काम चार महिन्यांत परत करायचं असेल तर हिशोब कुठे बसतो? क्रँकच्या मागच्या ऑइल सीलचंही हेच. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर सील, रिलीज बेअरिंग आणि पायलट बुश सोबतच बदला, तेही चांगले.

डिझेल फिल्टर दिसायला छोटा, पण त्याच्यामागे पंप आणि नोझल आहेत. इथे स्वस्त फिल्टर सर्वात महाग पडतो.

शॅकल, कमानीचे (पाट्यांच्या स्प्रिंगचे) बुश, बॉनेटचे कडे, आरसे, साइड लाइट, सीटचं कव्हर, ताडपत्रीचा हूड, दरवाजे यांत लोकल माल बिनदिक्कत घ्या. कमानीचे पाटे जाणकार कमानवाल्याकडून बनवून घेतले तरी चालतात, फक्त नवीन पाट्याची जाडी आणि रुंदी जुन्याशी जुळवा. अख्खी नवी बॉडी हवी असेल तर लोक हरियाणातल्या मंडी डबवालीपर्यंत जातात, तिथे जीप बांधण्याचा मोठा धंदाच आहे. पण बॉडीचा प्रकार बदलला, इंजिन बदललं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. नसेल तर पंधरा वर्षांनंतरच्या फिटनेसला गाडी अडकते. वर्धा असो की चंद्रपूर, हा नियम सगळीकडे तोच.

भंगाराची बाजू अशी. गिअरबॉक्सचं हाउसिंग, ॲक्सलचं हाउसिंग, पुढचा नकल (वळणाऱ्या चाकाचा सांधा) असे ओतीव भाग जुने कंपनीचेच चांगले. नव्या लोकल ओतकामात पोकळ्या निघतात आणि बेअरिंगची भोकं सरळ रेषेत नसतात. जुन्या भागाला तडा आहे का ते रॉकेल आणि खडूने कळतं. भाग स्वच्छ करून रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरडा पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आतलं रॉकेल पुडीवर ओली रेघ काढतं. नंबर कोरलेला भाग, म्हणजे इंजिन ब्लॉक किंवा चेसिस, मूळ गाडीच्या कागदांशिवाय भंगारातून उचलू नका. चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतील.

४. सोबत काय न्यायचं

- जुना पार्ट, तुटलेला असला तरी, पुसून पिशवीत
- आरसीची प्रत (फोनवर डिजिलॉकरमध्ये असली तरी चालते) आणि वर सांगितलेले फोटो
- व्हर्नियर कॅलिपर. साधा चालतो, पण वाचायला शिका
- छोटं चुंबक
- वही. त्यात तारीख, किलोमीटर, पार्ट, कंपनी, दुकान, किंमत

माझ्या वहीला आता दहा वर्षं झाली. कोणत्या कंपनीचा सील किती किलोमीटर टिकला हे दुकानदारापेक्षा तीच खरं सांगते.

५. काउंटरवर तपासा, घरी जाऊन नाही

बेअरिंग. बेअरिंग गाडीच्या नावाने मागूच नका. जुन्यावर कोरलेला नंबर वाचा आणि त्या नंबराने मागा. तो नंबर जगभर एकच माप सांगतो, त्यामुळे जीपच्या पार्टवाल्याकडे नसलं तरी ट्रॅक्टरच्या किंवा नुसत्या बेअरिंगच्या दुकानात मिळतं. टेपर बेअरिंगचा कोन (आतला रोलरवाला भाग) आणि कप (बाहेरचं कडं) एकाच कंपनीचे, एकाच डब्यातले घ्या. कोरलेली अक्षरं सारखी आणि स्पष्ट हवीत, बोटाने चोळून पुसली जाणारी शाई नको. एसकेएफचं "ऑथेंटिकेट" आणि एफएजीवाल्या शेफलरचं "ओरिजिनचेक" अशी फोनवरची ॲप आहेत, खऱ्या-खोट्याची शंका आली तर तिथूनच खात्री करा.

क्रॉस. चारही टोप्या काढून बघा, सुया (आतले बारीक रोलर) पूर्ण आहेत का आणि टोपी फिरवताना खरखर लागते का. टोपीचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन टोप्यांमधलं बाहेरचं माप व्हर्नियरने जुन्याशी जुळवा. ग्रीस निपल शाफ्टच्या बाजूला येऊन ग्रीसचा पंप लागेल असा आहे ना, तेही बघा. तुटलेला जुना क्रॉस घरी बारीक कानशीने घासून पाहा. चांगला कडक केलेल्या पोलादावर कानस घसरते. कानस सहज चावली तर त्या कंपनीचं नाव वहीत लाल शाईने लिहा.

क्लच प्लेट. मधले दाते मोजा, प्लेटचा व्यास मोजा. स्प्रिंगा हाताने हलवून खुळखुळल्या तर परत द्या. रिव्हेटची डोकी घर्षणपट्टीत खोल बसलेली हवीत. बसवण्याआधी मिस्त्रीकडून ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून घ्या. सहज सरकली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये.

ऑइल सील. माप सीलवरच छापलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. ओठाच्या आतली बारीक स्प्रिंग जागेवर आहे ना? ओठ बोटाने दाबून सोडा, लगेच परत आला पाहिजे. इंजिनाच्या गरम जागी साधं नायट्राइल रबर लवकर कडक होतं, तिथे व्हायटॉनचा सील मागा. आमच्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ अंश असतं, बॉनेटखाली काय होत असेल विचार करा. सगळंच रबर इथे पुण्या-मुंबईपेक्षा लवकर मरतं, म्हणून पाकिटावरचा निर्मितीचा महिना-वर्ष वाचा. दुकानात आठ वर्षं पडलेला सील नवा नसतो.

पितळी बुश. चुंबक लावा. चिकटलं तर ते पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड आहे.

बोल्ट. मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं. इंची बोल्टच्या डोक्यावर रेघा असतात, तीन म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. कमान ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट आणि प्रोपेलरचे बोल्ट बिनखुणेचे नकोत.

पेट्रोल जिप्सीचे पाइप. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं ई२० पेट्रोल आहे. जुन्या जिप्सीचे पाइप, कार्ब्युरेटरची डायफ्राम त्यासाठी बनलेली नव्हती. बदलताना ई२० चालणारेच मागा. मेव्हण्याच्या गाडीत पाइप आतून फुगून सोलला होता, सफारीच्या मधोमध गाडी बंद पडली. वाघ असलेल्या जंगलात उतरून बॉनेट उघडता येत नाही, पर्यटकांसकट सगळे अडकले.

६. पावती

कच्च्या चिठ्ठीवर पार्ट घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. "बिल घेतलं तर महाग पडेल" हे ऐकून मागे सरू नका. पावतीवर कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर लिहून घ्या, नुसतं "क्लच प्लेट १" नको. पाकिटावर एमआरपी, बनवणाऱ्याचा पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क असणं कायद्याने बंधनकारक आहे.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का बघून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. पावतीवर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पोटापाण्यासाठी स्वतःच जिप्सी चालवणारेही यात ग्राहकच ठरतात.

७. बसवताना समोर उभे राहा

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. नवं व्हील सिलिंडर किट टाकलं, पंधरा दिवसांत ब्रेक जाम. चाक हाताला चटका देईल इतकं तापलेलं. किट खोटं म्हणून दुसरं आणलं, पुन्हा तेच. दोन्ही वेळा पार्ट चांगलाच होता. गॅरेजात सिलिंडर डिझेलने धुऊन मग रबर बसवत होते. ब्रेकचं रबर ब्रेक ऑइलसाठी बनलेलं असतं. डिझेल, पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल लागलं की ते फुगतं आणि पिस्टन अडकतो. मी तेव्हा समोर उभा होतो, पण मला माहीत नव्हतं. ब्रेकचे भाग फक्त ब्रेक ऑइलने किंवा ब्रेक क्लीनरने धुवायचे, हे मिस्त्रीला काम सुरू होण्याआधी सांगा, नंतर नाही.

ब्रेक ऑइलची बाटली सीलबंद, लहान घ्या. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश, ओलावा शोषल्यावर १४० पर्यंत येतो. गॅरेजात झाकण उघडं पडलेल्या डब्यातलं ऑइल आपल्या गाडीत ओतू देऊ नका.

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रमची धूळ हवेच्या नळीने उडवण्याची सवय बघवत नाही, पोरं तिथेच बसलेली असतात. ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

थर्मोस्टॅट काढून फेकणारे मिस्त्री आपल्याकडे जास्त. "उन्हायात गरम होते, काढून टाका." ऐकू नका. गाडी तापत असेल तर रेडिएटर, त्याची टोपी, पंखा, बेल्ट बघा. थर्मोस्टॅटवर अंश कोरलेले असतात. पातेल्यात पाणी तापवून तो त्या अंशांच्या आसपास उघडतो का हे घरीच पाहता येतं.

काढलेला पार्ट गॅरेजात सोडू नका. नवा चांगला चालतोय याची खात्री होईपर्यंत तो घरी ठेवा. यू-बोल्ट, चाकाचे नट, प्रोपेलरचे बोल्ट दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. नव्या लायनरवर पहिले काही दिवस मोकळ्या रस्त्यावर हलके ब्रेक मारा, लगेच ट्रॉली ओढू नका.

८. मृगाच्या आधी

आमच्याकडे पार्ट तुटतात जून ते सप्टेंबरात आणि नेमके तेव्हाच मिळत नाहीत. नागपूर-अमरावतीहून मागवायचं तर नाल्याला पूर असतो. म्हणून मे संपायच्या आत हब उघडून बेअरिंग धुवा, ग्रीस बदला, हबचे सील नवे टाका. काळी माती ओली असताना सीलमधून आत शिरली की वाळल्यावर ती सिमेंटसारखी घट्ट होते. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर त्या आठवड्यात डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचं ऑइल बघा. दुधासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी आहे, लगेच बदला.

माझ्या सीटखालच्या पेटीत पावसाळाभर हे असतं: एक क्रॉस, फॅन बेल्ट, रेडिएटरचे दोन्ही होज आणि क्लिपा, डिझेल फिल्टर, हबचे दोन सील, दोन यू-बोल्ट नटांसकट, सीलबंद ब्रेक ऑइल, ग्रीस, चाकाचे सुलटे आणि उलटे नट वेगवेगळ्या पुडीत, आणि ती वही प्लास्टिकच्या पिशवीत.